गोलच्या पुढचा रकाना

मैदान म्हणजे गुरांच्या बाजाराची जागा.
बाजार मंगळवारी; बुधवारी आम्ही
टोपल्यांत शेण भरून कुंपणापलीकडे टाकायचो,
खुंट्यांची भोकं बुजवायचो.
तरी एखादं राहायचंच,
आणि त्यात पुंडलिक भोयरचा पाय गेला,
तो घोटा दिवाळीपर्यंत सुजलेला होता.

बूट सात जोड.
तेलंग सरांनी जबलपूरहून आणलेले, कुठल्याशा पलटणीचे,
कुणाच्याच मापाचे नाहीत.
ज्यांना मिळाले त्यांनी कापूस कोंबून घातले.
किसन उईके म्हणाला, मले नको सर,
यात मातीचं काही कळत नाही.

मी बारावा. म्हणजे वही माझी, पंप माझा,
संत्र्यांची थैली माझी,
आणि ब्लॅडर बसला की सायकल हाणत
गफ्फारमियाँकडे जायचं, तेही माझं.
तो घमेल्यात ब्लॅडर बुडवून बुडबुडे बघायचा.
"याच्यात आता रबर कमी, ठिगळंच जास्त हायेत, भौ."

अकोला, शून्य–चार.
वाशीम, शून्य–दोन.
अमरावती, शून्य–नऊ. तिथं मैदानावर गवत होतं.
आमचे पोट्टे वाकून वाकून
हात लावून बघत होते.
यवतमाळ, शून्य–एक,
तो एकही आमच्याच जनार्दन काळबांडेनं
आपल्याच गोलात घातलेला.

परतताना तो डब्याच्या दारात उभा, सगळी वाट.
आमची छोटी गाडी इतकी सावकाश
की उतरून, धुऱ्यावरच्या तुरीला हात घालून
पुन्हा चढता यायचं.
मुनीर उतरला. ओंजळभर शेंगा आणून
जनार्दनच्या खिशात घातल्या.
बोलला काहीच नाही.

जानेवारीत नागपूरचे आले.
पांढरे मोजे, अकराच्या अकरा जणांचे.
जिनिंगची सुट्टी झाली तशी माणसं आली,
केसांत, भुवयांत कापूस घेऊन,
एका दुपारी म्हातारी झाल्यासारखी.
बंड्या रस्त्यातच थांबल्या.
हाफटाइमला शून्य–तीन.
तेलंग सर काही बोलले नाहीत,
संत्री सोलत राहिले, शिरासुद्धा काढून देत.

शेवटची चार मिनिटं. काळ्या मातीचा फुफाटा असा
की रेफ्री शिट्टी वाजवत होता
ती फक्त आपण कुठं आहोत हे कळवायला.
त्यांच्या गोलसमोर नुसता पायांचा ढीग.
मग चेंडू त्या ढिगातून निघाला,
सागाच्या दोन बल्ल्यांमधून गेला
(जाळी नव्हतीच आमच्याकडे)
आणि एका बंडीखाली, बैलाच्या खुराला टेकून थांबला.
गाडीवानानं तो उचलला, झटकला,
विचारलं, "कोनाचा हाये हा?"

तेच मला लिहायचं होतं.
किसन म्हणाला, मुनीरचा.
मुनीर म्हणाला, लागला तो बूट नव्हता,
अनवाणी पाय होता, मी पाहिला.
जनार्दनला विचारलं, तर तो रडत होता,
त्याचं काही सांगता येत नव्हतं.
टाकातली शाई वाळली.
एक–तीन, एवढं लिहिलं,
नावाचा रकाना सोडला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार.
एका बल्लीला म्हैस बांधलेली.

पुढं मुनीर बाळापूरला मास्तर झाला.
दर जानेवारीत त्याचं कार्ड यायचं,
खुशाली दोन ओळी, मग:
उईकेचं नाव टाकलंस का?
किसन जंगलखात्यात लागला.
कधी बाजाराला आला तर मोहाची फुलं द्यायचा
आणि जाता जाता, पाठमोरा,
"मुनीरचं लिवा बरं."

आता कार्ड येत नाही. बाजारही तिथून हलवला.
वही आहे. घरच्यांना वाटतं
उधारीची असेल कुठली, म्हणून कुणी टाकत नाही.
रकाना अगदी कोरा आहे असंही नाही.
संत्र्याच्या रसाचा डाग आहे त्यात,
अंगठ्याएवढा,
बहुतेक माझाच.